अर्धं बिस्किट

कॉलेज सोळा सप्टेंबरला.
आज ऑगस्टची बावीस
आणि माझ्यापुढं अकरावीचं पुस्तक, पहिल्यापासून.
बारावी सुटली ती पाठांतरावर.
सूत्रं तोंडपाठ, जसे गल्लीतल्या गाड्यांचे नंबर,
गाडी एकही चालवलेली नाही.
सीईटीचे मार्क खरेच आहेत,
त्यातले निम्मे पर्याय खोडत खोडत आले
हे फक्त मला ठाऊक.

म्हणून दुपारी पप्पांच्या काट्याशेजारी बसते,
सांगलीच्या मार्केट यार्डात.
सौदे थंडावलेत, तरी हळदीची धूळ थांबत नाही.
गतीचा दुसरा नियम पिवळा झालाय,
तिसरा अजून पांढरा.

आधी एककं.
आमच्याकडं नदी फुटात मोजतात,
आयर्विन पुलाखाली आज एकोणतीस.
सोनं तोळ्यात, हळद क्विंटलात,
उधारी दिवाळीत.
पुस्तक म्हणतं, सगळं मीटर, किलो, सेकंदात आण.
आणलं.
मग वजन आणि वस्तुमान.
पप्पांना विचारलं, काट्यावर दिसतं ते यातलं कोणतं?
म्हणाले, पट्टीवर लिहितो ते.

आठवड्यानं त्या धड्याला पोचले.
चहाला सिद्रामकाका पोत्याला टेकलेले,
जतकडचे, डोक्यावर गोणपाटाची खोळ,
हातातला आकडा मांडीवर.
'काय वाचतीस?'
'कार्य.'
'म्हंजे?'
'काम.'
'ते पुस्तकात कशाला?'

सांगितलं, अडखळत:
पोतं पाठीवर घेऊन सपाट चाललात,
गाळ्यापासून ट्रकपर्यंत,
तर पोतं पेलण्याचं तुमचं काम शून्य.
बल वर, चाल आडवी,
मधला कोन नव्वद, नव्वदचा कॉस शून्य.
शून्य म्हणताना माझाच आवाज बारीक झाला.
काकांनी बशीतला चहा संपवला.
'आन् वर चढवताना?'
चढवताना मिळतं.

पट्टीच्या पाठीमागं मांडलं:
पन्नास किलो, नऊ पूर्णांक आठ,
फळीची उंची एक पूर्णांक दोन.
पाचशे अठ्ठ्याऐंशी ज्यूल.
शंभर पोत्यांचे अठ्ठावन्न हजार आठशे.
एवढा आकडा बघून दोघंही खूश.
तिथंच थांबायला हवं होतं मी.
बिस्किटाचा पुडा उलटा केला,
मागची बारीक अक्षरं वाचली, भागाकार केला.
शंभर पोती म्हणजे
अर्ध्या बिस्किटाहून किंचित जास्त.

'मग सकाळच्या चार भाकरी
कुणी खाल्ल्या?'

याला उत्तर नव्हतं.
हमाल हसले, पप्पा हसले,
मी पुढचं पान उलटलं, मागचं उलटलं.
रात्री सापडलं, ते जीवशास्त्रात,
जो विषय मी ऑप्शनला टाकला होता:
टेबल पोतं धरतं आणि दमत नाही.
स्नायू दमतो, कारण तो नुसता धरत नाही,
आतल्या आत उचलत असतो, सोडत असतो,
पुन्हा उचलत असतो, बाहेरून काही न हलता.
भाकरी तिथं जाते.
उरलेली घामात, बनियन ओलं होण्यात.

दुसऱ्या दिवशी काकांना हे सगळं सांगितलं.
त्यांनी ऐकलं, 'व्हय' म्हणाले,
जुन्या तराजूतलं पाच किलोचं वजन उचलून
माझ्या तळहातावर ठेवलं.
'हात आडवा. हलायचं न्हाई.'

पहिली दहा सेकंदं काहीच नाही.
विसाव्याला मनगट.
तिसाव्याला खांद्यात कुणीतरी शेगडी पेटवली.
विस्थापन शून्य, म्हणून काम शून्य,
ओठावर खारट.
सूत्र तेच होतं, बारावीत चार मार्कांना लिहिलेलं,
त्याला तेव्हा खांदा नव्हता.

'वजन जागेवर ठेव,' पप्पा ओरडले,
'गिऱ्हाईक आलंय.'
ठेवलं, सावकाश, थरथरत.
खाली ठेवतानाचं माझं काम
बहुतेक उणे.
चिन्ह तपासायचं आहे.